विटांचा हिशेब

आबांनी भिंतीवर तळहात टेकवला, मग बोटाच्या पेरानं दोनदा वाजवून पाहिलं आणि कान जवळ नेला. "पक्की भाजलीया," ते म्हणाले. "ऐंशी वर्सं झाली म्हन्तोस, तरी आवाज बग कसा खणखणीत हाय."

मी त्यांच्या मागे उभा होतो. हाम्बुर्गच्या आग्नेयेला नॉयनगामे नावाचं गाव आहे, त्या गावाबाहेरचा हा वीटकारखाना. १९४० ते १९४२ या काळात तो इथल्या नाझी छावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतला गेला आणि मग त्याच कैद्यांना त्यात विटा करायला जुंपलं गेलं. आज आत एक लहानसं प्रदर्शन आहे, या विटांमागच्या सक्तीच्या कामाबद्दलचं. आबा अजून दारातच होते. आतले फलक त्यांना वाचता येणारे नव्हते. त्यांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. भिंत मात्र त्यांना वाचता येत होती.

आबांनी चाळीस वर्षं वीटभट्टी चालवली. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. आमचं घर त्या भट्टीवर उभं राहिलं, माझं इंजिनिअरिंग तिच्यावर झालं, मी पहिल्यांदा जर्मनीला आलो ते तिकीटही तिच्याच पैशांतलं. नातीला बघायला म्हणून ते तीन महिने आले होते. त्यांना कुठं कुठं न्यायचं याची मी यादी केली होती, तीत बंदर होतं, तळं होतं, जुनी गोदामं होती. नॉयनगामे नव्हतं. ऐंशीच्या माणसाला अशा जागी कशाला न्यायचं, असं मला वाटत होतं. पण कधीतरी फोनवर मी बोलून गेलो होतो की इथं कैद्यांकडून विटा करून घेत, आणि ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती इटांची छावणी लांब हाय का रं?"

लांब नाही. बेर्गेडॉर्फपर्यंत लोकल आणि पुढं बस. वाटेत फिअरलांडेचा सपाट मुलूख लागतो. नदीचे बांध, काचघरं, फुलांची आणि भाजीची शेतं, गवताच्या छपराची जुनी घरं. आबा खिडकीतून घरांकडे बघत नव्हते, नांगरलेल्या रानाकडे बघत होते. "चिकट आसंल ही माती," ते म्हणाले. एल्बे नदीनं आणून टाकलेली गाळाची, चिकणमाती. पुढचं सगळं या मातीमुळंच घडलं.

मराठीत आपण छळछावणी म्हणतो. हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला आणि तेव्हापासून मला तो मूळ जर्मन शब्दापेक्षा जास्त खरा वाटत आला आहे. जर्मन शब्दाचा नुसता अर्थ पाहिला तर माणसं एका ठिकाणी गोळा करण्याची छावणी एवढाच निघतो. कचेरीतला कोरडा शब्द. मराठी शब्द सरळ सांगतो की तिथं छळ होता. पण नॉयनगामेला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला जाणवलं की आपला शब्दही काहीतरी झाकतो. छळ म्हटलं की डोळ्यांपुढे चाबूक येतो, तारांचं कुंपण येतं, क्रूर चेहऱ्याचा पहारेकरी येतो. करार येत नाही. कर्ज येत नाही. महिन्याला किती माल निघाला याचा तक्ता येत नाही. या जागेत सकाळी उठून माणसं कामावर जात होती आणि त्या कामाचं कुणीतरी बिल पाठवत होतं, कुणीतरी ते भरत होतं, हे छळछावणी या शब्दातून आपल्याला दिसत नाही.

दुसरे शब्द मी शोधून पाहिले. सक्तमजुरी म्हटलं की कोर्टाची शिक्षा आठवते, गुन्हा आणि मुदत आठवते. इथं गुन्हा नव्हता आणि मुदतही नव्हती. वेठबिगारी जवळचा आहे. पण वेठीला धरलेला माणूस जगावा, उद्याही उपयोगी पडावा, एवढी तरी धन्याची इच्छा असते. इथं तीही नव्हती. जर्मन इतिहासकार 'कामातून संहार' असे शब्द वापरतात. हे शब्द मराठीत मला नीट उच्चारताच येत नाहीत. आमच्या घरात हंगामातली पहिली पक्की वीट धुऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवायची रीत होती. विठोबा ज्या विटेवर उभा आहे ती कुणीतरी पाडली असणार, कुणीतरी भाजली असणार, असं आबा म्हणायचे. काम म्हणजे काय, ते मला अशा घरात कळलं. त्याच कामाचा, त्याच मातीचा वापर माणूस संपवण्यासाठी करता येतो, हे या प्रदर्शनानं मला शिकवलं.

१९३८ च्या एप्रिलमध्ये एसएसनं, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझींच्या सशस्त्र संघटनेनं, स्वतःची एक कंपनी काढली. जर्मन माती आणि दगड कंपनी, असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. हिटलरला शहरं नव्यानं बांधायची होती, त्याला दगड आणि विटा हव्या होत्या, आणि एसएसकडे कैदी होते. माउटहाउझेन आणि फ्लोसेनबुर्गला ग्रॅनाइटच्या खाणी होत्या म्हणून तिथं छावण्या झाल्या. नॉयनगामेला माती होती आणि बंद पडलेला एक वीटकारखाना होता. तो या कंपनीनं १९३८ च्या सप्टेंबरमध्ये विकत घेतला. डिसेंबरात झाक्सेनहाउझेनच्या छावणीतून पहिले १०० कैदी आणले. एखादा कारखानदार कच्चा माल आणि मजूर कुठं मिळतील हे पाहून जागा ठरवतो, तशीच ही जागा ठरली.

मग १९४० चा एप्रिल. हाम्बुर्ग शहर आणि एसएस यांच्यात करार झाला. शहरानं मोठा, नवा वीटकारखाना बांधण्यासाठी दहा लाख मार्कांचं कर्ज दिलं. बदल्यात शहराला विटा मिळणार होत्या, एल्बेच्या काठावरच्या भव्य इमारतींसाठी. शिवाय डोवे एल्बे हा नदीचा फाटा रुंद आणि खोल करण्यासाठी, कालवा खणण्यासाठी, बांध घालण्यासाठी कैदी मिळणार होते. कालव्यातून विटांच्या नावा थेट शहरात जायच्या. नॉयनगामे स्वतंत्र मुख्य छावणी झाली ती त्याच वर्षी.

हे मला आजही सहज पचत नाही, कारण मी या शहरावर प्रेम करतो. हाम्बुर्ग हे विटांचं शहर आहे. इथली गोदामं, कचेऱ्या, चर्च, साधी भाड्याची घरं, सगळं लालतांबड्या विटेचं. १९२४ साली पूर्ण झालेलं चिलेहाउस, कचेऱ्यांची एक इमारत, जहाजाच्या पुढच्या नाळेसारखं टोकदार आहे. मी नवा नवा आलो तेव्हा त्याच्या भिंती बघत तासन्‌तास उभा राहिलो होतो आणि आबांना फोटो पाठवले होते. त्या इमारती छावणीच्या आधीच्या आहेत, त्यांच्या विटांचा नॉयनगामेशी संबंध नाही. पण विटेवरची तीच माया पुढं या करारापर्यंत आली. करार करणारे महापालिकेतले अधिकारी होते, शहररचनेतले जाणकार होते. त्यांना चांगली वीट हवी होती.

आत जाऊन मी आबांना फलकांवरचा मजकूर थोडा थोडा मराठीत सांगत होतो. ते ऐकायचे आणि मधेच असा प्रश्न विचारायचे की मला पुन्हा फलकाकडे वळावं लागायचं. माती कितीवर खणत होते? गाडा कसला होता? गाड्याला माणसं किती?

माती खाणीत फावड्यानं खणायची, लोखंडी रुळांवरच्या गाड्यांत भरायची, ते गाडे ढकलत कारखान्यापर्यंत आणायचे. उतारावरून ते वर ओढले जात. तो उतार आजही इमारतीला जोडून उभा आहे. सगळ्या कामांत मातीच्या खाणीचं काम आणि डोवे एल्बेचं काम सर्वांत जास्त माणसं खाणारं होतं. उघड्यावर, पाण्यात उभं राहून. पायांत लाकडी खडावांसारखी पादत्राणं, अंगावर पातळ पट्ट्यांचे कपडे, पोटात कंदांचं पाणचट सूप. उत्तर जर्मनीतला हिवाळा, आणि उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी घट्ट. कामाचा वेग पहारेकरी ठरवणार, आणि जो मागे पडेल त्याला मार.

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चिकणमाती फावड्याला सोडत न्हाई. आपन दर खेपंला फावडं पान्यात बुडवतो, मग ती सुटती. ह्यास्नी बुडवाया येळ दिला आसंल का?"

मी फलकाकडे पाहिलं नाही. याचं उत्तर कुठल्याही फलकावर नसतं. मी इथं अनेकदा आलो आहे, पाहुण्यांना घेऊन आलो आहे, आकडे मला पाठ आहेत. पण मातीनं लडबडलेलं फावडं, ते झटकण्यासाठी लागणारी अर्धी घटका उसंत, आणि ती घेतली म्हणून पाठीत बसणारा दांडा, हे त्या प्रश्नानं पहिल्यांदा माझ्या समोर आणलं.

कारखान्याच्या आत, छपराखाली, भट्टीच्या उबेजवळ काम मिळणं म्हणजे त्यातल्या त्यात जगण्याची आशा. हे सांगितल्यावर आबांनी मान हलवली. आमच्याकडे पेटलेल्या भट्टीजवळ चैत्रात उभं राहवत नाही, माणसं पळतात. इथं त्याच धगीसाठी माणूस आसुसलेला होता.

१९४१ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत सैन्यातले १००० युद्धकैदी इथं आणले. पुढच्या जूनपर्यंत त्यांतले ३४८ उरले होते. उपासमार, काम, मार, आणि त्या हिवाळ्यात पसरलेला टायफस, उवांमुळं पसरणारा ताप. यातला कुठला मृत्यू कशानं झाला हे वेगवेगळं करून सांगता येत नाही. एकाच यंत्राचे ते भाग होते.

"पगार किती व्हता?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. कैद्याला काही नाही. पुढं युद्ध लांबलं तसे कैदी बाहेरच्या कारखान्यांना भाड्यानं दिले जाऊ लागले. तेव्हा साधारण दर होता साध्या मजुराला दिवसाला ४ मार्क, कुशल कारागिराला ६ मार्क. कारखाना ते एसएसला द्यायचा. हिशेब माणशी, दिवसावारी. बिलावर नावं नसत, संख्या असे.

आबांना बाहेर बसायचं होतं. भिंतीकडेच्या बाकावर आम्ही बसलो. समोर गवत, त्यापलीकडे कालव्याचं पाणी. इतकी शांत जागा आहे ती, की पाखरांचा आवाज ऐकताना अपराधी वाटतं.

"मी एकदा मानसं मागं आनली व्हती," आबा म्हणाले.

"कुठली माणसं?"

"तू ल्हान व्हतास. नवरा-बायको नि दोन पोरं. उचल फिटली न्हवती आन रातच्याला निघून गेली. मी आन मुकादम जीप घिऊन गेलो. स्ट्यांडावर गावली." ते थांबले. "बाई यष्टीत चढून बसली व्हती. तिला खाली उतरवली."

उचल म्हणजे काय ते भट्टीवर वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. गणपती-दसऱ्याच्या सुमाराला घरात दाणा नसतो तेव्हा मजुराला आगाऊ पैसे द्यायचे, आणि दिवाळीनंतर तो कुटुंबासकट येऊन हजारी दरानं विटा पाडून ते फेडणार. आबांची लाल कापडाच्या बांधणीची वही मला आठवते. डाव्या बाजूला उचल, उजव्या बाजूला पाडलेल्या विटा. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीच झाला होता. आबांना तो माहीत होता.

इथं मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. आमची भट्टी नॉयनगामे नव्हती. त्या कुटुंबाला कुणी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, पावसाच्या तोंडाला ते आपल्या गावी परत गेलं. दोन गोष्टी एका पारड्यात घालणं म्हणजे इथं मेलेल्या माणसांशी खोटं वागणं, आणि ते मी करणार नाही. पण त्या बाईला जायचं होतं आणि तिला जाऊ दिलं नाही. जीप आमची होती. आबांना हे चाळीस वर्षांत कुणापाशी बोलता आलं नव्हतं आणि ते त्यांनी या बाकावर बसून सांगितलं. मी त्यांची समजूत काढली नाही. त्यांनाही ती नको होती, असं मला वाटतं.

थोड्या वेळानं आम्ही पलीकडच्या बाजूला गेलो. तिथं वाल्टर कंपनीच्या कारखान्याची उरलेली इमारत आहे, तिच्यात दुसरं प्रदर्शन. इथं विटा नव्हे, अर्धस्वयंचलित रायफली बनायच्या. युद्धासाठी शस्त्रं कमी पडू लागली तशी कैद्यांच्या कामाची दिशा वळली. एल्बेकाठच्या भव्य इमारती कधी उभ्या राहिल्याच नाहीत. नॉयनगामेच्या ८५ हून अधिक उपछावण्या उत्तर जर्मनीभर पसरल्या: ब्रेमेनजवळ पाणबुड्यांचा अवाढव्य काँक्रीटचा बंकर, झाल्त्सगिटरला पोलादाचे कारखाने, हाम्बुर्गच्या बंदरात गोदामात डांबलेल्या आणि ढिगारे उपसायला नेलेल्या ज्यू बायका. सगळे मिळून ८०,००० हून अधिक पुरुष आणि १३,००० हून अधिक स्त्रिया. सर्वांत मोठा गट सोव्हिएत प्रदेशातल्या लोकांचा, मग पोलिश, फ्रेंच. नेदरलँड्समधल्या पुटेन या एका गावातून १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये सूड म्हणून सहाशे पुरुष उचलून छावण्यांकडे पाठवले, त्यांतले बहुतेक नॉयनगामेला. पन्नासहून कमी घरी परतले. गावात कुऱ्हाड धरणारा, नांगर धरणारा हातच उरला नाही.

आणि हे सगळं लपून होतं असं म्हणायची सोय नाही. १९४३ च्या जुलैअखेरीस बाँबफेकीनं हाम्बुर्ग बेचिराख झालं, तेव्हा ढिगाऱ्यांतून प्रेतं काढायला, न फुटलेले बाँब उकरायला छावणीचेच कैदी शहराच्या रस्त्यांवर आणले होते. पट्ट्यांच्या कपड्यांतली ती माणसं हाम्बुर्गच्या लोकांनी रोज पाहिली. पुढं बेघर झालेल्यांच्या तात्पुरत्या घरांसाठी लागणारे काँक्रीटचे भागही कैद्यांकडून करून घेतले गेले. ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आलं त्यांतल्या किती जणांनी विचारलं असेल, हे बनवलं कुणी?

युद्धानंतरची गोष्ट मला आजही संताप आणते. ब्रिटिशांनी आधी ही जागा नाझींना स्थानबद्ध करण्यासाठी वापरली. १९४८ साली ती हाम्बुर्ग शहराकडे परत आली आणि शहरानं इथं तुरुंग केला. छावणीच्याच आवारात, काही छावणीच्याच इमारतींत. १९७० मध्ये मातीच्या खाणींच्या बाजूला आणखी एक तुरुंग बांधला. फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्कहून वाचलेले कैदी आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी यायचे आणि त्यांना कुंपणाबाहेर उभं राहावं लागायचं. १९५३ मध्ये एक साधा स्तंभ उभारू दिला, तोही आवाराच्या कडेला, पूर्वीच्या भाजीबागेच्या जागी. त्या बागेत एसएसनं दाहगृहातली राख खत म्हणून टाकली होती. ऐंशीच्या दशकात हा वीटकारखानाही पाडायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला म्हणून तो वाचला. पहिला तुरुंग २००३ ला हलला, दुसरा २००६ ला. आज दिसतं ते मोठं स्मारक २००५ सालचं. म्हणजे मुक्तीनंतर साठ वर्षांनी. ज्यांना आतून ही जागा दाखवायची होती त्यांतले बहुतेक तोवर गेले होते.

भरपाईचंही तेच. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगांनी निम्मे निम्मे घालून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला. त्यातून सुमारे १६ लाख ६० हजार माणसांना पैसे मिळाले, प्रत्येकी जास्तीत जास्त १५,००० मार्क. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तवर किती जगली आसतील?"

इथल्या एका कैद्याबद्दल मला त्यांना मुद्दाम सांगायचं होतं. आंतोन दे कोम. जन्म १८९८, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, तेव्हाच्या डच वसाहतीत. त्यांचे वडील गुलामीत जन्मलेले. तिथली गुलामगिरी १८६३ मध्ये कायद्यानं संपली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबणं भाग होतं. ती दहा वर्षं १८७३ ला संपली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून लल्ला रुख नावाचं जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन सुरिनामला लागलं. गिरमिट म्हणत ते त्या कराराला. १९१६ पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास माणसं अशी गेली. आधीच्या गुलामांच्या जागी आपली माणसं.

दे कोम नेदरलँड्समध्ये राहत होते. १९३३ मध्ये ते सुरिनामला परतले आणि वडिलांच्या अंगणात टेबल मांडून बसले. मळ्यांवरचे मजूर रांगेनं येत: काळे, जावा बेटावरचे, आणि हिंदुस्थानी. दे कोम त्यांची गाऱ्हाणी ऐकत आणि वहीत लिहून घेत. सरकारनं त्यांना अटक केली. सुटकेसाठी जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला, दोघे मेले. मग त्यांना हद्दपार केलं. पुढच्या वर्षी त्यांनी सुरिनामच्या गुलामगिरीचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. युद्धात नाझींनी नेदरलँड्स घेतल्यावर ते प्रतिकारात उतरले, १९४४ च्या ऑगस्टमध्ये पकडले गेले, एका छावणीतून दुसरीत फिरत नॉयनगामेला आले. २४ एप्रिल १९४५ ला झान्डबोस्टेलच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. पाच दिवसांनी ब्रिटिश सैन्य तिथं पोचलं.

"आपल्या मानसांची गाऱ्हानी लिवून घेतली त्यानं?" आबांनी विचारलं.

"हो. वहीत."

आबा काठीच्या टोकानं गवताशी चाळा करत राहिले.

या छावणीतलं शेवटचं काम कुठलं होतं, ते मी त्यांना नंतर सांगितलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये मुख्य छावणी रिकामी केली. नऊ हजारांहून अधिक कैदी ल्युबेकच्या उपसागरातल्या जहाजांवर कोंबले. ३ मे रोजी ब्रिटिश विमानांनी ती जहाजं शत्रूसैन्याची समजून बुडवली. साडेसहा हजारांवर माणसं जळून आणि बुडून मेली, युद्ध संपायला पाच दिवस उरले असताना. छावणीत मागे ठेवलेल्या शेवटच्या काहीशे कैद्यांना एसएसनं कागदपत्रं जाळायला आणि सगळं आवार साफ करायला लावलं. ब्रिटिश आले तेव्हा त्यांना झाडून पुसून ठेवलेली, रिकामी छावणी दिसली.

त्यामुळं मेलेल्यांची यादी पूर्ण नाही. निदान ४२,९०० माणसं मेली, एवढं अभ्यासकांनी जुळवून काढलंय. आवाराच्या उत्तरेला स्मृतिगृह आहे. आत छताजवळून खाली सोडलेल्या लांब पट्ट्यांवर नावं लिहिली आहेत, वीस हजारांहून अधिक, मृत्यूच्या तारखेच्या क्रमानं. बाकीच्यांची नावं मिळालेली नाहीत.

आबांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मीही बूट काढले.

"तारकंपरमानं हायती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माज्या जल्माच्या दिवशी कोन गेलं बग."

आबांचा जन्म १९४४ चा. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, त्यांच्या वयाच्या निम्म्या गावाचा असतो तसा, मास्तरांनी लावलेला. आजी सांगायची ते एवढंच, की मार्गशीर्षातला जन्म, दत्तजयंती होऊन गेली होती. पूर्वी एकदा जुनं पंचांग पाहून मी हिशेब केला होता. त्या साली दत्तजयंती नोव्हेंबरच्या अगदी शेवटी येते. म्हणजे डिसेंबरचा पहिला पंधरवडा, नेमका दिवस नाही.

"तारीख कुठली धरू, आबा?"

"आता कुटली तारीख. पंधरवडा सगळाच वाच."

१९४४ चा डिसेंबर. नावं दाट होती. पहिल्या तारखेपासून मी वाचायला लागलो, मोठ्यानं, जसे जमतील तसे उच्चार करत. रशियन, पोलिश, डच, फ्रेंच. पुटेनसारख्या गावांतली माणसं या यादीत कुठली, हे नावावरून मला ओळखता येत नव्हतं. काही नावं मी चुकीची उच्चारली असणार. एक जर्मन बाई आत आली, आमच्याकडे बघून दारापाशीच थांबली आणि ऐकत राहिली. आबा माझ्या शेजारी अनवाणी उभे होते, दोन्ही हात काठीवर. दर नावाला त्यांची मान हलत होती, भट्टीवर विटांच्या खेपा मोजताना हलायची तशी.

चार तारखेपर्यंत आलो तेव्हा बसची वेळ होऊन गेली. "पुडची बस कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे नंतर."

"मग वाच."